पाहुणा वजा केला तर? आशियात जाण्याआधी काय वाचावं, काय पाहावं

"बालीला चाललोय, जाण्याआधी काय वाचू?" "जपानवर एखादा चांगला सिनेमा सांग ना." सुट्ट्या जवळ आल्या की ग्रुपवर असे प्रश्न सुरू होतात. लंडन असो, दुबई असो की न्यू जर्सी, आपल्या पिढीतले बरेच जण आता आशियातल्या कुठल्या ना कुठल्या देशात जाऊन येतात. कधी भारतात जाता-येता वाटेत चार दिवस, कधी मुद्दाम रजा काढून. उत्तरादाखल याद्या येतात आणि त्या बहुतेक सारख्याच असतात. जपानसाठी 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन'. व्हिएतनामसाठी 'अपोकॅलिप्स नाऊ' आणि ग्रॅहम ग्रीनची 'द क्वाएट अमेरिकन'. बालीसाठी 'ईट प्रे लव्ह'. घरी विचारलं तर आई-बाबा कपाटातून पु. ल. देशपांड्यांचं 'पूर्वरंग' काढून देतात.

यातलं काहीही टाकाऊ नाही. काही तर उत्तम आहे. पण ही यादी पचवून गेलेला माणूस तिथे उतरल्यावर काय बघतो आणि काय त्याच्या नजरेतून सुटतं, हे तपासायला हवं. त्यासाठी मी एक साधी कसोटी वापरते. पुस्तकातून किंवा सिनेमातून पाहुण्याला वजा करायचं. बाहेरून आलेला नायक, त्याचं दुःख, त्याचा शोध, सगळं काढून टाकायचं. मग मागे काय उरतं? जी माणसं उरतात त्यांना काही काम आहे का? त्यांची आपापसात भांडणं आहेत का? आपल्याबद्दल, म्हणजे पाहुण्याबद्दल, त्यांचं काही मत आहे का? तीन देशांवर ही कसोटी लावून बघू.

टोकियो: दुभाषी काय म्हणाली नाही

सोफिया कोपोलाचा 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' (२००३) बहुतेकांनी पाहिलेला असतो. उतरणीला लागलेला एक अमेरिकी नट व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी टोकियोत येतो, तिथे त्याला त्याच्यासारखीच एकटी पडलेली एक तरुण अमेरिकी बाई भेटते. परदेशात पहिल्या हिवाळ्यात रात्री तीन वाजता टक्क जागं राहिलेल्या कुणालाही हा सिनेमा भिडेल. जेटलॅगचं, हॉटेलातल्या खिडकीचं, कुणाशीच बोलता न येण्याचं इतकं खरं चित्रण फार कमी ठिकाणी आहे.

पण त्यातला जाहिरातीच्या चित्रीकरणाचा प्रसंग आठवा. जपानी दिग्दर्शक जीव तोडून लांबलचक काहीतरी सांगतो आणि दुभाषी त्याचं एका वाक्यात भाषांतर करते. नट गोंधळतो, आपण हसतो. पडद्यावर सबटायटल नाही. जपानी येणाऱ्याला मात्र कळतं की तो दिग्दर्शक अगदी शहाण्यासारखं बोलतोय. घाई करू नका, कॅमेऱ्याकडे जुन्या मित्राकडे बघावं तसं बघा, 'कॅसाब्लांका'मधला बोगार्ट आठवा, असं तो सांगतोय. म्हणजे तो माणूस हास्यास्पद नाहीच. त्याचं बोलणं आपल्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, हे सिनेमाने ठरवलंय. आपल्याला नायकाच्या जागी बसवायचं तर ते बरोबरच आहे. पण त्याची किंमत अशी की पाहुणा वजा केला तर या टोकियोत फक्त निऑनचे दिवे आणि नम्रपणे वाकणारी माणसं उरतात.

त्याच्या शेजारी यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) ठेवा. ओनोमिची नावाच्या लांबच्या गावातून म्हातारे आई-वडील टोकियोला मुलांकडे येतात. मुलगा डॉक्टर, मुलगी ब्युटी पार्लर चालवते. दोघंही वाईट नाहीत, फक्त कामात आहेत. आई-वडिलांचं काय करायचं कळत नाही म्हणून त्यांना समुद्रकाठच्या एका स्वस्त हॉटेलात पाठवून देतात. लक्ष देते ती युद्धात गेलेल्या मुलाची विधवा बायको, नोरिको. कुणी आरडाओरडा करत नाही.

सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आई-बाबा, दिवसभर घरात बसून कंटाळलेले, आणि वीकेंडला त्यांना कुठे न्यायचं यावरून नवरा-बायकोत होणारी कुजबुज, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना या सिनेमात जपानबद्दल काही समजावून सांगावं लागणार नाही. गंमत अशी की ज्याला सगळे 'अस्सल जपानी' म्हणतात त्या या कथेचं एक मूळ अमेरिकेत आहे. ओझूचा सहलेखक कोगो नोदा याच्या मनात लिओ मॅकेरीचा 'मेक वे फॉर टुमॉरो' (१९३७) हा अमेरिकी सिनेमा होता. तेव्हा अस्सलपणाच्या मागे धावायचं कारण नाही. ओझूच्या माणसांना आपल्यासाठी 'जपानी' दिसायचं नसतं. त्यांना दुकान उघडायचं असतं, पेशंट तपासायचे असतात.

आणि आजचं जपान हवं असेल तर सायाका मुराताची 'कन्व्हिनिअन्स स्टोअर वुमन' ही छोटी कादंबरी घ्या. तिला २०१६ मध्ये अकुतागावा पुरस्कार मिळाला. तिची नायिका केइको छत्तीस वर्षांची आहे आणि अठरा वर्षं एकाच स्टोअरमध्ये पार्टटाइम काम करते. लग्न नाही, 'चांगली' नोकरी नाही, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते आजूबाजूच्यांना. मुराताने स्वतः अशा दुकानात अनेक वर्षं काम केलं आहे. जपानमध्ये गेल्यावर ओनिगिरी आणि कॉफीसाठी तुम्ही दिवसातून तीनदा अशाच दुकानात शिराल. 'इराश्शायमासे' असं ओरडून स्वागत करणाऱ्या काउंटरपलीकडच्या बाईला एक डोकं आहे आणि त्यात बरंच काही चालू आहे, हे ही कादंबरी वाचून गेलेल्याला विसरता येत नाही.

व्हिएतनाम: संवाद नसलेली माणसं

'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) हा युद्धाच्या वेडाचा मोठा सिनेमा आहे, याबद्दल वाद नाही. पण तो चित्रित झाला फिलिपिन्समध्ये. व्हिएतनामला जाण्याआधी तो बघणं म्हणजे नाव व्हिएतनामचं, झाडं फिलिपिन्सची आणि दुःख अमेरिकेचं.

'द क्वाएट अमेरिकन'चं (१९५५) प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. फ्रेंच निघायच्या बेतात आहेत, अमेरिकी यायच्या. ग्रीनने त्या वेळीच ओळखलं की पुस्तकं वाचून आलेला, मनाने स्वच्छ, 'तिसरी शक्ती' उभी करायला निघालेला अमेरिकी तरुण सगळ्यात धोकादायक ठरणार. पुढच्या वीस वर्षांनी त्याला खरं ठरवलं. राजकारणात इतकी अचूक असलेली ही कादंबरी आपल्या कसोटीवर मात्र नापास होते. फुओंग ही व्हिएतनामी मुलगी इंग्रज पत्रकार आणि अमेरिकी तरुण या दोघांमध्ये वाटली जाते. तिच्या मनात काय आहे हे त्या दोघांनाही कळत नाही, आणि म्हणून आपल्यालाही नाही. हे ग्रीनला ठाऊक होतं असं मला वाटतं, कारण निवेदकाचा आंधळेपणा त्याने लपवलेला नाही. तरी फुओंग गप्पच राहते.

या गप्प बसवण्याला थेट उत्तर दिलंय व्हिएत थान न्विन यांनी, 'द सिम्पथायझर' (२०१५) या पुलित्झर मिळालेल्या कादंबरीत. तिचा निवेदक दुहेरी हेर आहे. मधल्या एका मोठ्या भागात तो हॉलिवूडच्या एका युद्धपटाचा सल्लागार म्हणून फिलिपिन्सला जातो. पटकथा वाचून त्याच्या लक्षात येतं की व्हिएतनाममध्ये घडणाऱ्या या सिनेमात एकाही व्हिएतनामी माणसाला संवाद नाही. त्यांना फक्त किंचाळायचं आणि मरायचं आहे. कोणत्या सिनेमाची ही टर आहे हे वेगळं सांगायला नको. तेव्हा 'अपोकॅलिप्स नाऊ' बघाच, पण लगेच नंतर हे वाचा.

न्विन लहानपणी निर्वासित म्हणून अमेरिकेत गेलेले. जे मागे राहिले, ज्यांनी युद्ध जिंकलं, त्यांचं काय? त्यासाठी बाओ निन्ह यांची 'द सॉरो ऑफ वॉर'. ते स्वतः उत्तरेच्या सैन्यात लढले. कादंबरीचा नायक युद्ध संपल्यावर जंगलात मेलेल्या सैनिकांचे अवशेष गोळा करतो आणि नंतर हनोईत रात्र रात्र लिहीत बसतो. विजयाचा एकही ढोल या पुस्तकात वाजत नाही. पहिल्यांदा ते छापलं गेलं तेव्हा शीर्षकातून युद्ध आणि दुःख गायब होतं. त्या जागी प्रेमाच्या नशिबाबद्दलचं एक सौम्य नाव होतं. यावरूनच कळतं की हे पुस्तक कुणाला टोचणार होतं. हनोईत संग्रहालयं बघण्याआधी ते वाचलं असेल तर भिंतीवरचा प्रत्येक विजय थोडा वेगळा दिसतो.

आणखी एक सिनेमा, खास आपल्यासारख्यांसाठी. त्रान आन हुंग यांचा 'द सेंट ऑफ ग्रीन पपाया' (१९९३). जुन्या सायगावातल्या एका घरात कामाला आलेली लहान मुलगी, कच्च्या पपईचा चीक, मुंग्या, बेडूक, स्वयंपाकघरातला उजेड. कानमध्ये पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा 'कॅमेरा द'ऑर' त्याला मिळाला. वाटतं की सायगावचा वास येतोय. पण यातली एकही चौकट व्हिएतनाममध्ये घेतलेली नाही. सगळं घर, अंगण, झाडं पॅरिसजवळच्या एका स्टुडिओत उभी केली होती. दिग्दर्शक बारा वर्षांचा असताना फ्रान्सला आला होता. हा सिनेमा म्हणजे दूर राहून आठवणीने बांधलेलं घर आहे. न्यू जर्सीतल्या गणपतीत आपण जो महाराष्ट्र उभा करतो त्याची आठवण झाली तर नवल नाही. तो खोटा नसतो, पण तिथे आज कुणी राहत नाही. म्हणून या सिनेमानंतर त्याच दिग्दर्शकाचा 'सायक्लो' (१९९५) बघावा. तो हो ची मिन्ह सिटीच्या रस्त्यांवर घेतलेला आहे. त्यात पपईचा सुगंध नाही, घाम आणि रक्त आहे.

बाली: दोन आरसे

बालीवर मी जास्त वेळ घालवणार आहे. कारण इथे आपल्याला चकवणारे आरसे एक नसून दोन आहेत.

पहिला ओळखीचा. एलिझाबेथ गिल्बर्टचं 'ईट प्रे लव्ह' (२००६) आणि त्यावरचा ज्युलिया रॉबर्ट्सचा सिनेमा (२०१०). पुस्तकाची जितकी टिंगल होते तितकं ते वाईट नाही. लेखिका स्वतःवर हसू शकते. पण त्याची मांडणीच औषधाच्या चिठ्ठीसारखी आहे. खायला इटली, प्रार्थनेला भारत, प्रेमाला इंडोनेशिया. आपल्या देशाला त्यात मिळालेला डोस बघून आपण वैतागतो, मग पुढच्या प्रकरणात बालीला मिळालेला डोस मात्र मुकाट्याने घेतो.

दुसरा आरसा आपला, घरचा आहे. बालीत उतरल्यावर गरुडाची मूर्ती दिसते, चौकात अर्जुनाचा रथ दिसतो, देवळात कुणी मंत्र म्हणत असतं आणि आपल्याला भरून येतं. अरे, हे तर आपलंच! ही भावना जुनी आहे. १९२६ मध्ये कलकत्त्यात 'ग्रेटर इंडिया सोसायटी' स्थापन झाली, १९२७ मध्ये रवींद्रनाथ जावा-बालीला जाऊन आले, इतिहासकार आर. सी. मजुमदार यांनी अतिपूर्वेतल्या हिंदू 'वसाहतीं'वर ग्रंथ लिहिले. पारतंत्र्यातल्या देशाला आपणही कधी कुणाला काही दिलं होतं, हा आधार हवा होता, हे समजण्यासारखं आहे. मराठी घरांत ही पूर्व दिशा पोचवली साठच्या दशकातल्या 'पूर्वरंग'ने. पु. लं.ची नजर देवळांपेक्षा माणसांवर जास्त रमते, म्हणून ते आजही वाचावंसं वाटतं. पण वाचक म्हणून आपण त्यातून उचलतो ते बहुतेक वेळा ओळख पटल्याचं सुख. आणि ओळख पटली की माणूस प्रश्न विचारायचं थांबतो.

जे प्रश्न विचारायचे राहतात त्यातले काही असे.

बालीचा धर्म 'हिंदू' कधी झाला? विधी आणि देवळं जुनीच आहेत, पण लोक आपल्या धर्माला 'आगामा तीर्थ', म्हणजे तीर्थजलाचा धर्म, असंही म्हणत. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर तिथल्या धर्म मंत्रालयाने बालीच्या परंपरेला 'धर्म' मानायला आधी नकार दिला. राज्यघटनेच्या पंचशिलातलं पहिलं तत्त्व एका परमेश्वरावरच्या श्रद्धेचं. तेव्हा बालीच्या पुढाऱ्यांनी 'संग ह्यांग विधी' या एका परमदेवाला पुढे आणलं, त्यांचे विद्यार्थी भारतात शिकून गेले आणि १९५८ च्या सुमारास मान्यता मिळाली. गायत्री मंत्र असलेली त्रिसंध्या ही प्रार्थना ऐकून आपल्याला हजार वर्षांपूर्वीचा भारत भेटल्यासारखा वाटतो. तिला आजचं रूप आलं ते विसाव्या शतकाच्या मध्यात. आपण ज्याला 'टिकून राहिलेलं' म्हणतो ते एका अल्पसंख्य समाजाने नव्या राष्ट्रात टिकण्यासाठी केलेलं चतुर, आधुनिक काम आहे. मला ते हजार वर्षांच्या गोष्टीपेक्षा जास्त थोर वाटतं.

दुसरा प्रश्न जातीचा. बालीतही वर्ण आहेत. त्यावर ओका रुस्मिनी या बालीच्या लेखिकेची 'तारियान बूमी' (२०००) ही कादंबरी आहे, इंग्रजीत 'अर्थ डान्स'. शूद्र घरातली एक देखणी नर्तकी ब्राह्मण घरात लग्न करून जाते आणि आयुष्यभर त्या उंचीची किंमत चुकवते. तिची मुलगी तेलागा जन्माने ब्राह्मण. ती शूद्र चित्रकाराशी लग्न करते आणि तिला विधिपूर्वक आपलं उच्चत्व उतरवून ठेवावं लागतं. पर्यटकांसाठी कमरेतून वाकणारी नर्तकी आपण फोटोत पाहिलेली असते. इथे ती नाच संपल्यावर घरी गेली आहे आणि सासू तिची वाट बघत बसली आहे. या कादंबरीत गोरा पाहुणा आणि भारतीय पाहुणा, दोघांनाही नायक होण्याइतकी जागा नाही. मराठी वाचकाला इथेही 'हे तर आपलंच' असं वाटेल. फक्त या वेळी भरून येणार नाही, अस्वस्थ व्हायला होईल.

तिसरा प्रश्न सगळ्यात जड. 'शांत' बालीच्या किनाऱ्याखाली काय आहे? १९०६ मध्ये डच सैन्य चालून आलं तेव्हा देनपासारचा राजा, त्याचं कुटुंब आणि लोक पांढऱ्या कपड्यांत बंदुकांसमोर चालत गेले. त्याला 'पुपुतान', शेवटचा लढा, म्हणतात. नंतर त्याच डचांनी बालीला जिवंत संग्रहालय म्हणून जपायचं आणि पर्यटकांना दाखवायचं ठरवलं. स्वर्गाची प्रतिमा तेव्हाची. आणि १९६५ च्या डिसेंबरपासून काही महिन्यांत, कम्युनिस्ट असल्याच्या आरोपावरून, या छोट्या बेटावर अंदाजे ८० हजार माणसं मारली गेली. लोकसंख्येच्या जवळजवळ पाच टक्के. मारणारे पुष्कळदा शेजारीच होते.

आपल्यापैकी जे समाजशास्त्र शिकलेत त्यांनी क्लिफर्ड गीर्ट्झचा बालीच्या कोंबड्यांच्या झुंजीवरचा १९७२ चा निबंध वाचलेला असतो. गर्दी, पैज, इभ्रत, पोलिसांची धाड आणि लेखकाची पळापळ. वाचायला फार बहारदार. त्यात ही हजारो माणसं येतात ती शेवटच्या तळटीपेत. गीर्ट्झने ती लपवली नाहीत हे खरं. पण संस्कृतीचं इतकं बारीक वाचन करणाऱ्या निबंधात त्यांना जागा मिळाली ती पानाच्या तळाशी, ही गोष्ट संशोधक म्हणून मला सतत टोचते.

ती तळटीप वर आणणारे दोन माहितीपट म्हणजे जोशुआ ऑपेनहायमरचे 'द ॲक्ट ऑफ किलिंग' (२०१२) आणि 'द लुक ऑफ सायलेन्स' (२०१४). दोन्ही बालीतले नाहीत, उत्तर सुमात्रातले आहेत, पण हत्याकांड तेच. पहिल्यात मारेकरी आपले खून हॉलिवूडच्या थाटात साभिनय करून दाखवतात, अभिमानाने. दुसऱ्यात आदी नावाचा चष्मे करून देणारा माणूस आपल्या भावाच्या मारेकऱ्यांचे डोळे तपासतो आणि तपासता तपासता प्रश्न विचारतो. मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे प्रश्न विचारणारा तिथलाच आहे. पहिला आधी पाहू नका. धक्का इतका मोठा आहे की मारेकरीच लक्षात राहतात.

आणि या सगळ्या काळाच्या मागे उभे आहेत प्रामुद्या अनंता तूर. १९६५ मध्ये पकडले गेले, पुढे दहा वर्षं बुरू बेटावर खटल्याविना कैदी. सुरुवातीला कागद-पेन नव्हतं म्हणून त्यांनी सोबतच्या कैद्यांना एक कादंबरी तोंडी सांगितली. तिचा पहिला भाग 'बूमी मानुसिया', इंग्रजीत 'धिस अर्थ ऑफ मॅनकाइंड', १९८० मध्ये आला आणि १९८१ मध्ये त्यावर बंदी आली. डच अमलातल्या जावातला एक हुशार विद्यार्थी आणि न्याय ओन्तोसोरोह ही बाई, डच मालकाला विकली गेलेली, पण स्वतः शिकून त्याचा सगळा कारभार हाती घेणारी. इंडोनेशियावर एकच पुस्तक वाचणार असाल तर हे वाचा.

कसोटीच्या मर्यादा

आता म्हणाल, म्हणजे फक्त तिथल्याच माणसांनी केलेलं बघायचं? नाही. ऑपेनहायमर अमेरिकी आहे. मात्र त्याच्या पहिल्या सिनेमाच्या श्रेयनामावलीत इंडोनेशियन सहकाऱ्यांची नावं 'अनामिक' अशी येतात, सहदिग्दर्शकाचंसुद्धा, कारण नाव छापणं धोक्याचं होतं. त्रान आन हुंगचा जन्म व्हिएतनामचा, पण घर स्टुडिओतलं. पासपोर्ट बघून काही ठरत नाही. बघायचं ते हे, की तिथल्या माणसाला पाहुण्याशिवाय आयुष्य आहे का आणि उलट बोलायची सोय आहे का.

वेळ कमी असतो हेही खरं. म्हणून देशागणिक एक कादंबरी आणि एक सिनेमा पुरे. जपान: मुराता आणि 'टोकियो स्टोरी'. व्हिएतनाम: बाओ निन्ह आणि 'सायक्लो'. बाली: ओका रुस्मिनी आणि 'द लुक ऑफ सायलेन्स'. न्विन आणि प्रामुद्या परतीच्या विमानात सुरू करा. 'पूर्वरंग' आणि 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' आल्यावर पुन्हा काढा, दोन्ही जास्त आवडतील.

ही कसोटी जाचक वाटत असेल तर ती उलट लावून बघा. ऑफिसातल्या कुणी विचारलं, मुंबईला चाललोय, आधी काय बघू? त्याने स्वतःच 'शांताराम' वाचलेलं असतं, 'स्लमडॉग मिलियनेअर' पाहिलेला असतो. आपण जरा हसतो, आणि मग चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) सुचवतो. त्यात सरकारी वकील बाई कोर्टातून सुटते, लोकलने घरी जाते, सगळ्यांचा स्वयंपाक करते. कथेला त्याची तशी काही गरज नाही. पण शाहिराला तुरुंगात ठेवा म्हणणारी ही बाई कोण आहे, हे तिच्या घरी गेल्याशिवाय कळत नाही. मुंबई बघायला जाणाऱ्याने आधी तिच्या घरी डोकवावं असं आपल्याला मनापासून वाटतं. देनपासारच्या, हनोईच्या माणसांनाही आपल्याबद्दल नेमकं हेच वाटत असणार.